झोपाळ्यासाठी कोरड्या काड्या

खोताची वाडी, गिरगाव
१३ ऑगस्ट १९५६

मित्रा दगडू,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. माझगावच्या गोदीत वर्षानुवर्षं तू स्टोअरच्या खिडकीतून माझ्या हातावर वेल्डिंगच्या काड्या ठेवल्यास. त्याच हातानं आज परळच्या पत्त्यावर पत्र लिहितो आहे.

गोदी सुटल्यापासून मी नुसता बसून असतो. श्रावणातलं ऊन वाडीत येतं, पास्कू बेकरीवाल्याच्या भिंतीला जरा टेकतं आणि निघून जातं. शाळेतली एखादी कविता अर्धी आठवते, उरलेली अर्धी मी आपल्या मनची जोडतो. जोडायची सवय रे, दुसरं काय!

आता काम सांगतो. आमच्या ओसरीवरचा झोपाळा तुला आठवत असेल. तुळईत अडकते ती त्याची वरची लोखंडी कडी तुटली. लिलावात घेतलेला वेल्डिंगचा जुना सेट घरात आहेच. गोदी सोडताना आणलेलं काड्यांचं पुडकं खाटेखाली होतं, ते काढून बसलो. पण ठिणगी पेटता पेटत नाही. पेटली तर थुंकते, फुरफुरते. वरची खपली ठोकून काढली, तर खाली जोडाला आंबोळीसारखी जाळी! गोदीत काडी कशी बोलायची, मंद आचेवर भजी तळल्यासारखी. तो नाद अजून झोपेत ऐकू येतो, आणि जाग आली की वाटतं, आपण हातानं वेल्डिंगची काळी काच चाचपत होतो.

चांगल्या काड्या कुठे मिळतात आणि कुठल्या घ्यायच्या, एवढं कळव. घाई काही नाही. झोपाळ्यावर आता बसायचं कोणी नाही, फुलांच्या कुंड्या ठेवीन म्हणतो. परवाची नागपंचमी अशीच गेली.

सुंदरा बरी आहे. मीरावहिनींना नमस्कार.

तुझा
शामराव


परळ
१९ ऑगस्ट १९५६

शाम्या,

तुझं पत्र मीराला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भावजींनी काड्या मागितल्यात की कविता पाठवलीय?"

अरे शहाण्या, खाटेखाली काड्या? गिरगावात? समुद्र तिथून ढेकर देतो तर तुमच्या भिंतीला घाम येतो. काडीवरचा तो लेप म्हणजे सुकवलेली माती, मिठाच्या खड्यासारखी हवेतलं पाणी ओढून घेते. लेपावर पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतंय का बघ. दोन काड्या एकमेकींवर वाजव. कोरड्या असतील तर टिणटिण वाजतील. ओल्या असतील तर नुसतं थप्प. तुझ्या थप्पच वाजणार. फेकून दे त्या.

गोदीत तुला गरम काडी मिळायची, कारण माझ्या खिडकीमागे रात्रंदिवस भट्टी चालू असायची. तू फक्त पेटवायचास. मी जन्मभर काड्या दिल्या, एक पेटवली नाही. तू जन्मभर पेटवल्या, एक सांभाळली नाहीस. जोडी बरी होती आपली!

आमची मालन तुला आठवत असेल, लहानपणी गोदीच्या फाटकावर माझा डबा घेऊन यायची. ती आता चर्नी रोडच्या इस्पितळात नर्स आहे. तिच्याबरोबर दहा नंबरच्या साध्या काड्या पाठवतो. कुंड्यांना तेवढ्या पुरेत. ह्या साध्या काडीचा फार लाड करू नको. दुपारच्या उन्हात पापडाबरोबर वाळव आणि पापडाच्याच डब्यात झाकण घट्ट लावून ठेव. लागेल तेवढीच बाहेर काढायची.

पण एक सांग, झोपाळ्यावर कुंड्या ठेवायची ही कुठली नवी फॅशन?

दगडू


खोताची वाडी, गिरगाव
१० सप्टेंबर १९५६

मित्रा दगडू,

मालननं पुडकं पोचवलं. दारातूनच दिलं, ड्यूटीची घाई होती तिला. पोर किती मोठी झाली! पांढऱ्या साडीत वाडीतून चालत गेली तेव्हा वाटलं, बगळा उडाला.

तुझ्या सांगण्याबरहुकूम सगळं केलं. पापडाच्या डब्याला अजून हिंगाचा वास आहे, त्यामुळे काडी पेटली की वाडीभर फोडणीचा भास होतो. सेट चालू केला की सगळ्या घरांतले दिवे मंदावतात आणि पोरं ओरडतात, "शामूआजोबांनी चांदणी पेटवली!" खरंच रे, काळ्या काचेतून बघावं तर सगळं जग विझलेलं आणि मधोमध एकच हिरवी चांदणी. तिच्या उजेडात मी पुन्हा तिशीतला होतो.

जोड काय सुरेख आला होता! करंजीला मुरड घालावी तसा. थंड झाल्यावर कडी तुळईत अडकवली आणि फळीवर तांदळाचं पोतं ठेवून ओसरीवर टेकलो. डोळा लागला असेल. एकदम "टण्ण!" असा आवाज झाला. पोतं खाली, तांदूळ ओसरीभर. जोड शाबूत होता बघ, पण त्याला लागूनच लोखंडाला चीर गेली होती.

ही कडी मी लग्नानंतरच्या वर्षी बसवली होती. जहाजाच्या नांगराच्या तुटक्या साखळीतली. तेव्हा वाटलं होतं, ज्यानं जहाज थोपवलं त्याला एका झोपाळ्याचं काय जड! माझं कुठे चुकलं?

सुंदरा ठीक.

शामराव


परळ
१६ सप्टेंबर १९५६

शाम्या,

तू मला काय समजतोस?

कुंड्यांसाठी तांदळाचं पोतं टांगून कोण बघतं? एवढा भार कुठल्या मोगऱ्याचा असतो?

नांगराच्या साखळीचं लोखंड कडक. त्याला साधी काडी लावलीस तर जोड हसतो आणि शेजार रडतो. तेच झालंय. पण त्यावर दुसरी कुठली काडी ते मी आज सांगणार नाही. काडी निवडायला मला दोन गोष्टी लागतात. लोखंड कुठलं, आणि भार कोणाचा. पहिली तू आत्ता सांगितलीस, तीसुद्धा तुटल्यावर. दुसरी लपवतोयस. स्टोअरच्या खिडकीत कोणी खोटं सांगून काडी नेली, तर मी फोरमनलासुद्धा परत पाठवायचो, आठवतं ना?

आणि मी वहिनींबद्दल काही विचारलं नव्हतं. पहिल्यांदा तू आपणहून लिहिलंस, "बरी आहे." मागच्या पत्रात, "ठीक." मीरा म्हणते, बरी असती तर भावजींनी दोन पानं लिहिली असती.

भार कोणाचा, ते लिही.

दगडू


खोताची वाडी, गिरगाव
२२ सप्टेंबर १९५६

दगडू,

भार सुंदराचा आहे.

ज्येष्ठात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी कोणालाच कळवलं नाही. तोंडानं बोललेलं हवेत विरतं, पण शाईनं लिहिलं की ते खरं होऊन बसतं, असं मला वाटत राहिलं. म्हणून पत्रातल्या पत्रात तिला बरी केली.

मधल्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून असते. डावा हात तेवढा चालतो. तो ती सारखा पुढे-मागे, पुढे-मागे करायची. मी पंखा घेऊन वारा घालायचो, तर मान हलवायची. पाणी द्यायचो, तरी नाहीच. किती दिवस मला उमगलं नाही. मग नागपंचमीला शेजारच्या मुलींनी आंब्याच्या फांदीला दोर बांधला आणि गाणं धरलं. सुंदराचा हात त्या तालावर हलायला लागला. पुढे-मागे. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिला झोपाळ्यावर बसायचं होतं!

तुला सांगतो, ह्या बाईनं माझ्याकडे उभ्या जन्मात काही मागितलं नाही. सणाच्या दिवशी सगळ्यांचं जेवण आटोपलं की ती घटकाभर ओसरीवर यायची, पायाच्या अंगठ्यानं जमिनीला हलकेच रेटा द्यायची, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की मी आतून नुसता बघत राहायचो. कुठे जात असेल ती तेव्हा? वेंगुर्ल्याला, आईच्या खळ्यात? मी कधी विचारलं नाही.

आता वेळही थोडा आहे. मुलगा दत्ताराम दादरला राहतो. तुळशीचं लग्न झालं की आम्हाला तिकडे न्यायचं म्हणतो. तो वाईट बोलत नाही, ह्या घराच्या पायऱ्या, मोरी, काहीच सुंदराच्या सोयीचं नाही. पण तिकडे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तुळई नाही, ओसरी नाही. त्याच्या आत तिला एकदा बसवायचं आहे. पडली तर मी मला क्षमा करणार नाही.

आता सांग कुठली काडी.

शामराव


परळ
२५ सप्टेंबर १९५६

शामराव,

पत्र वाचून मीरा चुलीपाशी जाऊन बसली. मी काड्या निवडायला घेतल्या.

आता नीट वाच. चुनखडीच्या लेपाची काडी पाठवतो. कडक लोखंडाला हीच. हिला पाण्याचा थेंब खपत नाही. लेपात ओल राहिली तर जोड आतल्या आत फुटतो, आणि वरून काही कळत नाही. उन्हात वाळवून हिचं भागत नाही, पापडाचा डबा विसर. हिला भट्टीच पाहिजे. तुमच्या वाडीत पास्कूची बेकरी आहे ना? पाव निघाले की त्याच्या गरम भट्टीत काड्या पत्र्यावर पसरून चांगल्या दोन तास ठेव. बाहेर काढल्या की ऊब जायच्या आत वापरायच्या. जुना जोड कानशीनं पुरता खरवडून काढ. कडी आधी हाताला सोसणार नाही इतकी तापव, मग जोड दे, आणि झाल्यावर गरम राखेत पुरून ठेव. सावकाश निवू दे. म्हाताऱ्या माणसासारखंच, एकदम गारठ्यात नाही न्यायचं.

मालन पुडकं घेऊन येईल. आता दारातून जाणार नाही, वहिनींना बघेल.

मी दसऱ्याला नागपूरला चाललोय, दीक्षेला. सगळी चाळच निघालीय. मीरानं पांढरं पातळ धुऊन ठेवलंय. आलो की लिहितो.

दगडू

ता. क. मालन पुडकं देऊन आत्ताच घरी आली. चर्नी रोडला बंदोबस्ताच्या पोलिसानं तिला अडवलं. "बाई, सभेला सळया घेऊन चाललात?" ही म्हणते, "एवढ्याशा काडीनं संयुक्त महाराष्ट्र होत असेल तर दोन तुम्हीपण घ्या." हसला आणि सोडलंन. पत्र टाकायचं राहून गेलं होतं, ते आता टाकतोय, पुडकं तुला आधीच पोचलंय. ती म्हणते, वहिनी आधार दिला तर बसू शकतील. पाठीला लोड, कमरेला पदराची गाठ, आणि एक माणूस शेजारी हवा.


खोताची वाडी, गिरगाव
१७ ऑक्टोबर १९५६

दगडू,

तू आलास की नाही ठाऊक नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुन्हा फसलो.

मी काही कसूर ठेवली नव्हती रे. खंडेनवमीला पहाटेचे पाव निघाल्यावर पास्कूनं भट्टी मोकळी करून दिली. लाकडी फावड्यावर काड्या ठेवून आत सरकवल्या आणि म्हणतो, "शामराव, लोणी लावू काय?" बाहेर काढल्या तेव्हा त्यांना ताज्या पावाचा वास येत होता. एकमेकींवर वाजवल्या, काय किणकिण! वाटलं, शाळेच्या घंटेच्या पोटात बसलोय.

नवमीच म्हणून मग रीतीप्रमाणे ओसरीवर पाट मांडला. हातोडा, कानशी, काळी काच आणि काड्या ओळीनं ठेवल्या. पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. सुंदराची खाट दारापाशी आणली होती, तिनं डाव्या हातानं अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा मुहूर्त साधून कामाला बसलो. कडी तापवली, तू सांगितलंस तसंच सगळं. पण काडी पुन्हा फुरफुरली. खपली काढली तर सुईच्या टोकाएवढी भोकं. तांदळाचं पोतं टांगायचा धीरच झाला नाही.

सुंदरा दारातून बघत होती. मी म्हटलं, "आज नाही गं." तिनं डोळे मिटून घेतले.

कदाचित आता माझ्या हातातच राहिलं नसेल. चांदणी विझत आली असेल. काड्या मोजक्याच उरल्यात. दत्ताराम काल येऊन भांडी बांधायला पोती ठेवून गेला.

शामराव


परळ
२१ ऑक्टोबर १९५६

शाम्या, जय भीम.

नागपूरहून आलो. तिथलं पत्रात मावायचं नाही. एवढंच सांगतो की मैदानात पांढऱ्या कपड्यांतली माणसं जिथवर नजर जाईल तिथवर होती, आणि मी मान वर करून उभा होतो. भेटल्यावर बोलू.

तुझं पत्र वाचून आधी कपाळाला हात लावला, मग एवढा हसलो की शेजारचा कोंडीराम बघायला आला.

अरे वेड्या, दोन तास भट्टीत भाजलेल्या काड्यांना तू आंघोळ घातलीस! वर ओला झेंडू, वर हळद, आणि रात्रभर उघड्यावर. मी म्हटलं होतं थेंब खपत नाही, तर तू तीर्थ दिलंस. तुझ्या हाताला काय धाड भरलीय! चांदणी विझली नाही, तू तिच्यावर पाणी ओतलंस.

ऐक. मी आता पूजा सोडली. तू सोड असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. हातोड्याला वाहा, कानशीला वाहा, सेटला हार घाल. काडीला काही नको. तिला देव नको, भक्त नको, फक्त ऊब पाहिजे.

येत्या रविवारी मीच येतो. तुला लिहून सांगण्यात अर्थ नाही, तू मधे कविता घालतोस. नव्या काड्या आणतो. एक लाकडी पेटी केलीय, आत विजेचा दिवा जळत असतो, त्याच्या उबेत काड्या राहतील. पास्कूला भट्टी तयार ठेवायला सांग. मी शेजारी बसून एकेक काडी हातात देईन. खिडकी आहे असं समज.

मालनलाही रविवारी सुट्टी आहे.

दगडू


खोताची वाडी, गिरगाव
७ नोव्हेंबर १९५६

दगडू,

जोड दिला तो दिवस तू पाहिलासच, तो तुला काय सांगायचा. तरी एक लिहितो. तू पेटीतून काडी काढून माझ्या पंज्यावर ठेवलीस, ती ऊब लागली, आणि मी क्षणभर कुठे आहे ते विसरलो. माझगावचा भोंगा वाजेल असं वाटलं. मग ते भजी तळल्यासारखं ऐकू आलं, आणि तू म्हणालास, "बोलतेय रे, बोलतेय." मग दुसऱ्या दिवशी राखेतून कडी काढून अडकवली, तेव्हा मी पोतं आणायला निघालो तर तू म्हणालास, "तांदूळ काय सांगणार? मी बसतो." आणि धपकन बसलास. मी डोळे मिटले होते. उघडले तर तू पोरासारखे पाय उडवत होतास आणि सुंदरा दारातून हसत होती. अर्ध्या ओठांनी, पण हसत होती.

आता तुझ्या पाठीमागचं सांगतो. त्या दिवशी सुंदराला ताप होता म्हणून मालननं बसवू दिलं नाही. दिवाळी तशीच गेली. काल ताप उतरलेला बघून मालन कामावरून सुटल्यावर आली. दुपार कलली होती, ऊन पास्कूच्या भिंतीला टेकलं होतं. आम्ही दोघांनी सुंदराला उचललं. पाठीला लोड दिला, पदराची गाठ मारली. मालन म्हणाली, "काका, शेजारी एक माणूस पाहिजे." आणि स्वतः बाजूला उभी राहिली.

मी घुटमळलो. तुला हसू येईल. एवढा संसार झाला, पण मी सुंदराच्या शेजारी झोपाळ्यावर कधी बसलो नव्हतो. आधी आई होती, वडील होते. मग वाडीतली माणसं. ओसरीवर सगळ्यांच्या देखत बायकोशेजारी बसायचं, ही आमच्यात रीत नव्हती. त्या वेळीही समोरच्या राधाबाई तांदूळ निवडत होत्या. पास्कू दारात उभा. पोरं "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे" करत वाडीतून धावत होती, ती झोपाळा पाहून थांबली.

सुंदरानं डाव्या हातानं शेजारची फळी थोपटली.

मी बसलो.

डोकं वर करून कडीकडे बघायची हिंमत होईना. नुसते कान लावून बसलो, टण्ण होतंय का. तिनं डाव्या पायाचा अंगठा जमिनीला लावला आणि हलकेच रेटा दिला. फळी पुढे गेली, मागे आली. पुन्हा पुढे. पितळी साखळ्या कुरकुरल्या तेवढ्याच. वरची कडी काही बोलली नाही, दगडू. एक शब्द बोलली नाही.

मग सुंदराच्या गळ्यातून सूर आला. शब्द नव्हते. पंचमीच्या गाण्याची चाल होती, अर्धीमुर्धी. उरलेली मी मनात जोडली. पोरांपैकी एक म्हणालं, "आजी गातेय," आणि राधाबाईंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. ऊन भिंतीवरून उतरून गेलं तरी आम्ही तिथेच होतो. तिला सांगायची सोय नव्हती आणि मी विचारलं नाही, पण ती जिथे जाते तिथे काल मीही जाऊन आलो.

दत्ताराम आज सकाळी आला. ओसरीच्या पायरीवर बराच वेळ उभा राहून झोपाळ्यावरच्या आम्हा दोघांना बघत होता. भांड्यांची पोती घडी करून परत घेऊन गेला. म्हणाला, "उन्हाळ्यानंतर बघू, बाबा. मोरीला कठडा तेवढा लावून घेऊ."

कठड्याला कुठली काडी लागेल?

शामराव


परळ
११ नोव्हेंबर १९५६

शाम्या,

कठड्याला साधी, दहा नंबरची. लोखंड मऊ असतं. पापडाच्या डब्यात तुझ्या उरल्या असतील त्याच चालतील, आधी वाजवून बघ. आणि त्यांना कुंकू लावू नको.

चुनखडीच्या काड्यांपैकी जास्तीच्या माझ्या पेटीत आहेत. दिवा जळतोय. मीरा कुरकुरते, "काड्यांना दिवा आणि मी अंधारात," पण रात्री उठून दिवा लागलाय का, ते तीच बघते.

एक राहिलं. मी विचारलं होतं भार कोणाचा, आणि तू लिहिलंस सुंदराचा. तेव्हाच मला कळलं होतं की तू पुन्हा अर्धंच सांगतोयस. म्हणून काडी मी दोघांच्या भाराची निवडली होती.

वहिनींना जय भीम. उत्तर म्हणून त्यांनी झोपाळ्याला एक रेटा द्यावा, मला पोचेल.

दगडू